मायसीनी : फोटो स्टॉप

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकीनं ग्रीसच्या टूरचं पत्रक टाकलं. सँटोरिनीला मुक्काम, मिकोनोसला मुक्काम आणि अथेन्सहून एका दिवसात अख्खा आर्गोलिस जिल्हा. कोरिंथचा कालवा, मायसीनीचं प्राचीन शहर, एपिडॉरस, नाफ्प्लियो, सगळं त्यातच कोंबलेलं. मायसीनीपुढे कंसात 'फोटो स्टॉप'. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं सिंहद्वार, आणि फोटो स्टॉप! डोकंच फिरलं.

बाबांना घेऊन मी अशाच एका टूरबरोबर गेले होते. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. जुनं बांधकाम दिसलं की भार कुठून कुठे उतरतो ते आधी बघणार. सिंहद्वाराखाली उभे राहिले ते हलेचनात. चौकटीवरची आडवी शिळा वीसेक टनांची. तिच्यावर भिंतीचं वजन येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडलीय आणि ती झाकायला पातळ दगडावर ते दोन सिंह कोरलेत. "बघ, सगळं वजन दोन्ही बाजूंना काढलंय," बाबा हातवारे करून सांगत होते. तेवढ्यात टूर मॅनेजर आला. "काका, फोटो झाला ना? चला, बस सुटतेय."

काका, फोटो झाला ना!

बरं, मान्य. चाळीस माणसं सांभाळायची, त्यात तिकडे ड्रायव्हरच्या तासांचे नियम कडक. पण मग एका दिवसात चार ठिकाणं छापता कशाला? कारण आपणच पत्रकातली ठिकाणं मोजून पैसे वसूल झाले की नाही ते ठरवतो. तुम्ही-आम्हीच.

आत्रेउसचा खजिना तिथून हाकेच्या अंतरावर. नाव खजिना, पण आहे थडगं. दगडांचे थर आत आत सरकवत नेलेला साडेतेरा मीटर उंच घुमट आणि दारावर सुमारे १२० टनांची शिळा. बाबांनी घरून वाचून ठेवलेलं हे. दिसलं काय, तर बसच्या खिडकीतून पार्किंग. त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

एपिडॉरसला जरा बरं गेलं. ५५ ओळींचं नाट्यगृह, अजून उन्हाळ्यात तिथे रात्री प्राचीन नाटकं होतात. सगळे मधल्या दगडावर नाणं टाकून वरपर्यंत आवाज येतो का बघत बसतात. बघा की, मीही बघितलं. पण शेजारीच अस्क्लेपिओसचं, म्हणजे वैद्यकीच्या देवाचं, देवस्थान आहे. आजारी माणसं तिथे रात्री झोपायची, देव स्वप्नात येऊन बरं करतो म्हणून. मीरा दातारच्या दर्ग्यात आजारी माणसं घेऊन जाणाऱ्यांच्या देशातून आलोय आपण, आपल्याला तर हे चटकन कळायला हवं. तिकडे कोणी फिरकलं नाही.

आणि नाफ्प्लियो? जेवणापुरतं! अथेन्सच्या आधी, १८३४ पर्यंत, ग्रीसची राजधानी होती ती. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा १८३१ मध्ये तिथल्या चर्चच्या दारात खून झाला, गोळीची म्हणून दाखवतात ती खूण काचेआड जपलीय. दोन किल्ले : बंदरात पाण्यातला बूर्त्झी, डोक्यावर पालामिदी. व्हेनिसवाल्यांनी पालामिदी १७१४ ला बांधून पुरा केला आणि पुढच्याच वर्षी तुर्कांनी घेतला. दर पावसाळ्यात गड चढणारे तुम्ही लोक, तुम्हाला हा किल्ला खालून दाखवतात आणि तुम्ही मान डोलावता?

सँटोरिनी सुंदर आहे. नाही कोण म्हणतंय? पण पांढऱ्या भिंतीपुढे हॅट घालून फोटो काढायला चार दिवस, आणि बाबांच्या त्या शिळेला दहा मिनिटं पण नाहीत?

तर मंडळी, नाफ्प्लियोला दोन रात्री राहा. अथेन्सहून केटेलची, म्हणजे तिकडची साधी गावोगाव जाणारी, बस जाते, अडीच तासांच्या आत-बाहेर. मायसीनी सकाळी लवकर गाठा, वर सावली नावाला नाही. मायसीनीच्या थडग्यांमधले सोन्याचे मुखवटे मात्र अथेन्सच्या म्युझियममध्ये आहेत, ते आधीच बघून घ्या. पालामिदीला ९९९ पायऱ्या म्हणतात, पण मागून गाडीरस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. तेव्हा गुडघ्यांची सबब मला सांगू नका.