सोनेरी पत्त्यांवर जादूचा हात बसत नाही

परवा रात्री डोंबिवलीहून ताईचा फोन. "अरे, तो मेसेज वाचून मुद्दाम नवे पत्ते आणले, पण याला काही जमत नाहीये. रडकुंडीला आलाय." भाचा अकरा वर्षांचा आहे. जूनपासून दर रविवारी गिरगावात माझ्याकडे येऊन पत्त्यांची जादू शिकतो आणि मन लावून शिकतो. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला होता. सोनेरी प्लास्टिकचे पत्ते घ्या, त्यांना कॅरमची पावडर चोळा, जादूचा तयार कॅट (ज्यातले पत्तेच खास कापलेले किंवा खुणा केलेले असतात) घेतला की सराव लागत नाही, लहान हातांना लहान पत्ते, आणि पाठीवरची नक्षी कुठलीही चालते. लिहिणाऱ्याने पत्ते कधी नीट पिसले तरी असतील का?

सोनेरी पत्त्यांचं आधी बोलतो, कारण घोळ तिथेच झाला. पत्त्यांच्या हातचलाखीत दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं फार लवकर शिकावं लागतं. चांगला कागदी पत्ता म्हणजे दोन कागद, मधे गडद गोंद, आणि वर बारीक खळग्यांचा पोत. खळग्यांत हवा राहते, म्हणून पत्ता सरकतो पण सुटत नाही. प्लास्टिक गुळगुळीत. भाच्याने व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं: वर बदाम राणी, तिच्याखालून चौकट सत्ती बोटभर बाहेर आलेली. पंखा करायला गेला तर दहा-बारा पत्त्यांचा गठ्ठा एकदम घसरला. पोराला वाटलं, आपल्याच हातात दोष आहे. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. शिवाय सोनेरी पत्ते बघितले की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पत्त्यांतच काहीतरी आहे." मग केलेल्या मेहनतीला काय अर्थ राहिला?

एक मान्य करतो. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पत्ते फुगतात, वाकतात. जुलैत माझाही कॅट धनुष्यासारखा होतो. पण त्याला उपाय साधा आहे: खेळून झालं की पत्ते लगेच डबीत घालायचे, खिडकीपाशी ठेवायचे नाहीत, आणि अगदीच खराब झाले तर नवा कॅट.

पावडरीचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. कॅरमची पावडर म्हणून जे विकतात ते बहुतेकदा बोरिक ॲसिड असतं. झुरळांसाठी कणकेत कालवून गोळ्या करतात ना, तेच. युरोपियन केमिकल्स एजन्सीने २०१० साली ते अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत घातलं, कारण ते प्रजननक्षमतेला घातक आहे. बोर्डावर चिमूटभर टाकणं वेगळं आणि बावन्न पत्त्यांना चोळून ते तासन् तास बोटांत धरणं वेगळं. मुलं त्याच हाताने वडापाव खातात. जुने जादूगार पंख्यासाठी पत्त्यांना झिंक स्टिअरेट लावायचे हे खरं, पण ती पावडर वेगळी, आणि तीही मुलाच्या हातात द्यायची नाही.

जादूचा तयार कॅट चालतो, नाही म्हणत नाही. पण तो दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. सोसायटीच्या गणपतीत पुढच्या रांगेतलं एखादं पोर "दे इकडे, मी पिसतो" म्हणणारच. साध्या पत्त्यांवर शिकलेला मुलगा तेव्हा हसत कॅट पुढे करतो. तो आत्मविश्वास विकत मिळत नाही.

आकाराबद्दल अर्धं खरं आहे. नेहमीचा पोकरचा पत्ता सुमारे ६३ मिलिमीटर रुंद, ब्रिजचा ५७. दहा-अकरा वर्षांच्या हाताला ब्रिजचा चालेल. किचेनला लटकवायचे चिमुकले पत्ते मात्र नकोत.

आणि नक्षी कुठलीही चालत नाही. पाठीला चहूबाजूंनी पांढरी किनार हवी. कॅटमध्ये एक पत्ता गुपचूप उलटा ठेवला आणि पत्ते जरा पसरले, तर पांढऱ्या कडांत पांढरी कड मिसळून जाते. किनार नसेल तर तो उलटा पत्ता लगेच उठून दिसतो. जगभरचे जादूगार बायसिकल ब्रँडची 'रायडर बॅक' नावाची पाठ उगाच वापरत नाहीत. हा ब्रँड १८८५ पासून आहे, किनार पांढरी, आणि जादूसाठी लागणारे खास पत्तेही त्याच पाठीचे छापले जातात. म्हणजे पुढे एखादा खास पत्ता लागला तर तो आपल्या कॅटमध्ये बेमालूम मिसळतो.

ताई, पावडर लावली नसेल तर ते सोनेरी पत्ते झब्बू खेळायला ठेव. पोराचे हात साबणाने धुवून घे, आणि पावडर लावलेला एकही पत्ता त्याच्या दप्तरात राहू देऊ नकोस. रविवारी लाल आणि निळ्या पाठीचे दोन कागदी कॅट आणून ठेवतो. सुरुवात पुन्हा दोन पत्ते उचलण्यापासूनच करू.