रात्रशाळेला वह्या मिळतात हो, सहाला सोडणारा शेठ मिळत नाही

जून आला की आमच्या परळ-लालबागला वह्यावाटपाचा सीझन सुरू होतो. मंडळं, भावी नगरसेवक, माजी नगरसेवक, सगळ्यांचे बॅनर, बॅनरवर फोटो आणि वहीच्या कव्हरवर परत तोच फोटो. वाईट काही नाही त्यात, वह्या लागतातच. पण मी काही वर्षं शनिवारी एका रात्रशाळेत दहावीच्या पोरांना गणित शिकवायला जातोय आणि तिथलं बघून माझं पक्कं मत झालंय की गरीब पोरांच्या शाळेला आजूबाजूच्यांकडून जी मदत खरी लागते तिचा फोटोच निघत नाही.

रात्रशाळा अजून चालू आहेत हेच मुंबईतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिवसाची शाळा सुटली की त्याच इमारतीत, बहुतेक वेळा महापालिकेच्या, साडेसहा ते साडेनऊ. पोरं कुरिअरवाली, कॅन्टीनमधली, गॅरेजमधली, मुली घरकाम करून येणाऱ्या, मधेच एखादी तिशीची ताई, जिची पोरगी स्वतः सहावीत आहे. बाक चौथीच्या मापाचे, त्यात एकोणीस वर्षांचा बाप्या गुडघे दुमडून बसतो. प्रयोगशाळेला कुलूप, कारण ती दिवसवाल्यांची. जोतिबा-सावित्रीबाईंनी 1855 ला पुण्यात कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती, म्हणजे गरज तेव्हापासूनची आहे आणि अजून संपलेली नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडचा एक पोरगा भांड्यांच्या दुकानात कामाला. रोज साडेसातला उगवायचा, तोपर्यंत पहिले तास गेलेले, आणि पहिले तास नेमके गणित-इंग्रजीचे. ओरडून काय उपयोग, सुटतच नव्हता तो. शेवटी हेडसर स्वतः दुकानात गेले, गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून चहा प्यायले, शेठच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग हळूच विषय काढला, की शेठ, याला सहाला सोडा, सकाळी अर्धा तास आधी येऊन शटर हाच उघडेल. शेठ आधी कुरकुरले, मग म्हणाले बरं, पण दिवाळीच्या पंधरा दिवसांत नाही हां. झाला करार. कागद नाही, सही नाही. पोरगा आता दहावीत आहे.

हेडसरांचं अर्धं काम हेच. जूनमध्ये दुकानादुकानात फिरून दहावी नापास पोरं शोधायची, फेब्रुवारीत परत फिरून परीक्षेची सुट्टी मागायची. कुणी म्हणेल हे बालमजुरीला खतपाणी झालं. अहो ही पोरं चौदाच्या वरची आहेत, घर त्यांच्या पगारावर चालतं, काम सोड म्हटलं तर शाळाच सुटेल.

दुसरी गोष्ट भूक. दुपारी काहीतरी खाल्लेलं, त्यानंतर थेट वर्ग, आठ वाजता त्रिकोणमिती डोक्यात शिरेल का? 'मासूम' संस्था 2008 पासून मुंबईच्या रात्रशाळांसोबत काम करतेय, संध्याकाळचा नाश्ता, पुस्तकं, फिरती प्रयोगशाळा, आणि नाश्त्याने काय फरक पडतो ते हजेरीपटावर दिसतं. आमच्या इथे एक खानावळवाल्या काकू उसळ-पाव देतात, पैसे चारपाच दुकानदार मिळून भरतात. एखाद्या महिन्यात थकतात, काकू दोन शिव्या घालतात पण पातेलं येतं. कर्मवीर अण्णांनी मुष्टिफंड म्हणून घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं जेवू घातली, त्यातलाच हा प्रकार, फक्त उसळीच्या पातेल्यातला.

सरकारने 2023 ला दत्तक शाळा योजना काढली. ग्रामीण शाळा असेल तर पाच वर्षांसाठी 50 लाखांच्या वस्तू-सेवा द्या आणि शाळेला तुमचं नाव जोडा. मोठ्या शहरात तोच आकडा 2 कोटी. कंपन्यांना ठीक आहे, पण रात्रशाळेची स्वतःची इमारतच नसते, पाटी लावणार कुठे? आणि भांडेवाले शेठ ह्यात कुठल्या रकान्यात बसतात?

आणि एक, लोकं मदत करतात म्हणून सरकारने हात झटकायचे नाहीत. 2017 ला एका जीआरने दिवसा आणि रात्री दोन्हीकडे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून काढलं, तेव्हा ऐन वर्षाच्या सुरुवातीला कितीतरी शाळांत शिकवायला माणूस नव्हता. तो खड्डा काकूंच्या उसळीने भरत नाही. शिक्षक आणि पगार ही सरकारची जबाबदारी, तिथे लोकसहभाग वगैरे गोड शब्द वापरू नका प्लीज.

तुमच्या दुकानात, ऑफिसच्या पँट्रीत, सोसायटीच्या वॉचमनमध्ये कुणी दहावी राहिलेला असेल तर विचारा त्याला. ॲडमिशनची वेळ आहे, जवळच्या रात्रशाळेत साडेसहानंतर हेडसर नाहीतर हेडमॅडम भेटतात. नाव घातलंत तर मात्र सहाला सोडा, मार्चमध्ये पेपरच्या दिवशी पगार कापू नका. वह्यांचं आम्ही बघू, दोन कपाटं भरलीत.