कोंडिविट्याच्या जुन्या चर्चविषयी खुलासा

अंधेरीत सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राची उभारणी करताना तेथील पोर्तुगीजकालीन चर्च पाडण्यात आले, असा संदेश मरोळ-अंधेरीच्या जुन्या आठवणींसोबत सध्या फिरत आहे. ही माहिती चुकीची आहे.

कोंडिविटे गावातील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधले आणि १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती उठल्यावर ते सोडून देण्यात आले. तेथील भाविक मरोळला गेले व त्यांची उपासना तेथे सुरू राहिली. सीप्झची स्थापना १९७३ ची आहे, म्हणजे तोपर्यंत चर्च ओस पडून १३० हून अधिक वर्षे लोटली होती. शिवाय त्याचे भग्नावशेष आजही सीप्झच्या आवारातच उभे आहेत. तेथे सर्वांना मुक्त प्रवेश नसल्यामुळे ते नाहीसे झाल्याचा समज पसरला असावा. माझगावचे जुने ग्लोरिया चर्च मात्र १९११ मध्ये खरोखरच पाडले गेले आणि त्याच्याऐवजी भायखळ्यात नवी वास्तू उभी राहिली. या दोन घटनांची गल्लत होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ज्येष्ठांच्या आठवणी मोलाच्या आहेत, त्या जरूर लिहाव्यात. परंतु चर्च पाडल्याचा मजकूर कृपया पुढे पाठवू नये आणि ज्या गटांत तो गेला आहे, तेथे हा खुलासा द्यावा.