छंद ठीक, पण नोव्हेंबरचं काय?

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा यावरच्या तुमच्या लेखात निवृत्तांना बागकाम, वाचन, प्रवास सुचवलाय. चांगलंच आहे. पण मी ५८ व्या वर्षी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून सुटलो आणि दोन महिन्यांत कुंड्यांना पाणी घालून घालून त्या कुजवल्या. सौ. म्हणाली, आता झाडांना तरी निवृत्ती द्या!

मग एक गंमत झाली. गल्लीतल्या एक काकू हयातीच्या दाखल्यासाठी (पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा) रडकुंडीला आलेल्या. कुटुंब निवृत्तिवेतन त्यांचं. भांडी घासून बोटांचे ठसे पुसट झालेले, यंत्र घेईचना. २०१४ पासून हाच दाखला ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सरकारी सोय आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीजवळ उजेडात बसवलं, चष्मा काढायला लावला, तिसऱ्या वेळी जमलं.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात आमच्या ओट्यावर रांग. कुणाला अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची, कपात किती वर्षांनी थांबते ते हवं असतं (पंधरा, पण कागद तपासावा लागतो), कुणाला पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) बायकोचं नाव बरोबर आहे का ते. ओटीपी मात्र ज्याचा त्यानंच टाकायचा, हा माझा नियम. पैसे घेत नाही. भडंग घेतो.

बाकी अकरा महिने? संध्याकाळी कृष्णाकाठी सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत फेरी, आणि तिथंही कुणीतरी पिशवीतून पासबुक काढतोच.