भाकरी, बायबल आणि नैरोबीची पोरं

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे, आफ्रिकेतले मिशनरी अनाथ पोरांना भाकरी दाखवून बाटवतात, त्यांची औषधं म्हणजे अमेरिकी कंपन्यांचा धंदा, आणि पोरांना घरच्यांपासून तोडून आश्रमात कोंबतात. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत, सगळ्यांबद्दल एका दमात बोलता येत नाही. म्हणून एकच जागा घेतो: केनियाच्या राजधानीतलं, म्हणजे नैरोबीतलं 'न्युम्बानी' हे बालगृह. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ 'घरी'. अँजेलो डी'अगोस्टिनो या जेझुइट (कॅथलिक पंथातला एक संघ) पाद्र्याने आणि सिस्टर मेरी ओवेन्स यांनी 1992 मध्ये ते एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी सुरू केलं.

आधी बाटवण्याचं बघू. 2019 च्या जनगणनेत केनियातले 85 टक्क्यांच्या आसपास लोक ख्रिस्ती निघाले. झोपडपट्टीतल्या ज्या बाईने एड्सच्या भीतीने तान्हं बाळ टाकून दिलं, ती बहुधा आधीच चर्चला जाणारी. तिच्या पोराला भाकरी देऊन आणखी कुठला धर्म देणार? जुन्या काळाची गोष्ट वेगळी. 1929 च्या सुमारास मुलींच्या सुंतेवरून मिशनने अटी घातल्या, तेव्हा चिडलेल्या किकुयू जमातीच्या लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. तो राग खरा होता. पण त्या काळाचं बिल आजच्या बालगृहाच्या नावावर फाडू नका.

औषधांचा दावा तर उलटाच आहे, आणि आपल्याला जरा जवळचाही. सुरुवातीला न्युम्बानीत औषध परवडायचंच नाही. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. पोरं मरायची, तिथेच पुरली जायची. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केलं. पेटंटवाल्या बड्या कंपन्यांचा विरोध असताना डी'अगोस्टिनोंनी त्याच वर्षी सिप्लाची औषधं मागवायचं ठरवलं. म्हणजे अमेरिकी पाद्री अमेरिकी कंपन्यांना डावलून मुंबईकडे वळला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर त्याने बहुतेक वेगळंच फॉरवर्ड लिहिलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात; साधी तपासणी तीच शोधते, त्यामुळे ती चुकीची 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. टाकून दिलेल्या बाळांपैकी कित्येकांना हा रोग नव्हताच. कुणीतरी ती दीड वर्षं सांभाळली म्हणून ते कळलं.

आश्रमाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी खोडणार नाही. आफ्रिकेतल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; गरिबीमुळे पोरं तिथे पोचतात आणि देणगीदारांना ती 'अनाथ' म्हणून दाखवली जातात. युगांडातल्या जिंजामध्ये वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी मिशनरी बाईंच्या केंद्रात शंभरावर कुपोषित मुलं दगावली; 2020 मध्ये दोन आयांशी तडजोड होऊन खटला मिटला. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली, आणि बरं केलं.

फक्त न्युम्बानी त्याच्या आधीच बालगृहाबाहेर पडलं होतं. 1998 पासून 'लेआ तोतो' ही त्यांची योजना झोपडपट्टीत मूल घरीच ठेवून औषध पुरवते. केनियातल्याच किटुईत न्युम्बानीने वसवलेल्या गावात एकेका आजीच्या घरी दहाएक पोरं, थोडी तिची नातवंडं, थोडी परकी. आणि सरकारी शाळा एचआयव्हीग्रस्त मुलांना दारातूनच परत पाठवत होत्या, तेव्हा हेच पाद्री कोर्टात गेले. जानेवारी 2004 मध्ये शाळांची दारं उघडली.