‘रिझर्व्हेशन करूनही आयपी बदलला’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा. डीएचसीपी सर्व्हरवरून (म्हणजे मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवरून) एखाद्या मशीनला कायमचा आयपी राखून देणं, म्हणजेच रिझर्व्हेशन, बोलायला सोपं आहे. आयएससी या संस्थेच्या डीएचसीपीडी या डीएचसीपी सर्व्हरवर वाटपासाठी १९२.१६८.१०.५० ते १९२.१६८.१०.२०० अशी रेंज आहे. हिशेबाच्या मशीनला .६० (म्हणजे १९२.१६८.१०.६०) राखून दिला, तर काही दिवसांनी आयपी कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे एकच पत्ता दोघांकडे असल्याचा, इशारा आला. लॅपटॉपला .७२ राखला, पण तो .१३७ घेऊन बसला. सर्व्हर बंद पडला की सगळं ठप्प होणार ते वेगळंच. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक, ज्यावरून सर्व्हर मशीन ओळखतो) तर कुणीही बदलतो, मग यात सुरक्षा कसली? त्यापेक्षा प्रत्येक मशीनवर हाताने आयपी टाकलेला बरा.

सुरक्षेचा मुद्दा मान्य, त्यावर वादच नाही. रिझर्व्हेशन म्हणजे कुलूप नव्हे. अनोळखी मॅकला पत्ता नाकारायची सोय डीएचसीपीडीत आहे, पण हाताने आयपी टाकून बसणाऱ्याला ती अडवू शकत नाही. अडवायचंच असेल तर ते काम स्विचवर ८०२.१एक्स (जोडणाऱ्याची ओळख तपासणं) किंवा डीएचसीपी स्नूपिंग (कुणाला कोणता पत्ता मिळाला यावर स्विचने नजर ठेवणं) आणि सोबत एआरपी तपासणी (आयपी आणि मॅकची जोडी पडताळणं) लावून होतं.

आता कॉन्फ्लिक्ट. .६० हा पत्ता तुमच्या रेंजच्या आत पडतो, आणि गोम तिथेच आहे. डीएचसीपीडी होस्ट ब्लॉकमधला (म्हणजे कॉन्फिग फाइलमधल्या त्या मशीनच्या नोंदीतला) फिक्स्ड अ‍ॅड्रेस वाटपाच्या रेंजमधून आपणहून वगळत नाही. शिवाय असा पत्ता दिल्याची नोंद तो लीज फाइलमध्येही (ठरावीक मुदतीसाठी, म्हणजे लीजवर, दिलेल्या पत्त्यांच्या यादीतही) करत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी .६० मोकळाच असतो. हिशेबाचं मशीन चालू असेपर्यंत बहुतेक वेळा निभावतं, कारण नवा पत्ता देण्याआधी सर्व्हर त्याला पिंग करून (हाक मारून) बघतो आणि उत्तर आलं तर तो पत्ता बाजूला ठेवतो. पण मशीन बंद असेल, किंवा त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल, तर .६० दुसऱ्याच कुणाला तरी जातो. मग हिशेबाचं मशीन सुरू होतं, सर्व्हर होस्ट ब्लॉक बघून त्यालाही .६० देतो, आणि एका पत्त्यावर दोघे येतात. म्हणूनच हा घोळ रोज दिसत नाही. सुट्टीनंतर सकाळी मशीन चालू केली की हमखास दिसतो.

यावर उपाय एकच: राखीव पत्ते आणि वाटपाची रेंज पूर्ण वेगळी ठेवायची. सबनेट (नेटवर्कमधला पत्त्यांचा गट) तेच, त्याची हद्द ठरवणारा मास्क २५५.२५५.२५५.० तोच. .१० ते .९९ राखीव, आणि रेंजच्या ओळीत फक्त .१०० ते .१९९. राखीव पत्ता सबनेटच्या आत असला की पुरे, रेंजच्या आत असायची गरज नाही. तुमच्याकडे आता १५१ पत्ते वाटपात आहेत, ते १०० होतील. तेवढे पुरतील ना, हे आधी लीज फाइल बघून ठरवा.

गोंधळ वाढतो तो प्रत्येक सर्व्हरची रीत वेगळी असल्यामुळे. डीएनएसमास्क हा दुसरा डीएचसीपी सर्व्हर रेंजच्या आतला राखीव पत्ताही दुसऱ्याला देत नाही. विंडोज सर्व्हरवर तर रिझर्व्हेशन स्कोपच्या (वाटपाच्या पट्ट्याच्या) आतच करायची पद्धत आहे. त्या सर्व्हरांसाठी लिहिलेल्या पायऱ्या डीएचसीपीडीवर जशाच्या तशा वापरल्या की तुमच्यासारखी गत होते. आयएससीने २०२२ मध्ये डीएचसीपीडीची देखभाल थांबवल्याचं जाहीर केलं आणि त्यांचाच केया हा सर्व्हर आता पुढे आहे. नवीन उभारणी करणार असाल तर तोच घ्या. मात्र दोन्ही हिस्से वेगळे ठेवायची सवय तिथेही सोडू नका.

लॅपटॉपचं कोडं वेगळं आहे. तो .७२ सोडून .१३७ घेतो, याचा बहुधा अर्थ असा की सर्व्हरने त्याला ओळखलंच नाही. अंदाज बांधत बसू नका, सिस्लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) उघडा. डिस्कव्हरच्या (पत्ता मागणाऱ्या पहिल्या विनंतीच्या) ओळीत ‘फ्रॉम’नंतर लॅपटॉपने सांगितलेला मॅक असतो आणि ‘व्हाया’नंतर सर्व्हरचं कोणतं कार्ड ते. तो मॅक होस्ट ब्लॉकमधल्या मॅकशी एकेक अक्षर लावून बघा. जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण साधं निघतं: तुम्ही वायर्ड कार्डाचा मॅक लिहिलात आणि लॅपटॉप वायफायवर आहे. यूएसबी डोंगलला स्वतःचा मॅक असतो, त्यामुळे डोंगल दुसऱ्या लॅपटॉपला लावला की रिझर्व्हेशनही त्याच्यासोबत जातं. तिसरी शक्यता खोट्या मॅकची. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वायफायवर खऱ्या मॅकऐवजी बनवलेला मॅक दाखवणं हीच मूळ सेटिंग आहे, आणि विंडोजमध्येही तसा पर्याय आहे. ओळखायची खूण सोपी: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात दिलेला नाही. अशा वेळी त्या वायफाय नेटवर्कपुरतं हे रँडम प्रकरण लॅपटॉपवरच बंद करावं लागतं. व्हर्च्युअल मशीनच्या मॅकमध्येही ही खूण सापडते, तिथे घाबरू नका.

मॅक जुळतोय, तरीही .१३७? मग वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कवर) आहे का ते बघा. मशीन ज्या सबनेटमध्ये आहे त्यात फिक्स्ड अ‍ॅड्रेस बसत नसेल, तर डीएचसीपीडी तो सोडून देतो आणि त्या सबनेटच्या रेंजमधला पत्ता देतो. तक्रार करत नाही, ही त्याची खोड. फिक्स्ड अ‍ॅड्रेसच्या एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन दोन्ही सबनेटचे पत्ते लिहिता येतात, सर्व्हर त्यातला लागू पडणारा निवडतो.

आणि लॉगमध्ये लॅपटॉपची ओळच नसेल, तर पत्ता दुसराच कुणीतरी देतोय. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही आज्ञा चालवा आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा. तिथे तुमच्या सर्व्हरचा आयपी नसेल, तर कुणीतरी जोडलेला वायफाय राउटर शोधा. त्यातली डीएचसीपी बहुतेक वेळा चालूच असते.

सर्व्हर बंद पडल्यावर सगळं ठप्प होतं, हे मात्र बरोबर नाही. २४ तासांची लीज असेल तर मशीन १२ तासांनी थेट त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतं. उत्तर नाही आलं तर २१ तासांनंतर जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला विचारतं, आणि २४ तास पूर्ण झाल्यावरच पत्ता सोडतं. तोवर सर्व्हर नसला तरी चालू मशीनवरचं काम थांबत नाही. अडतं ते त्याच काळात नव्याने जोडलेल्या मशीनचं. विंडोज असेल तर ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तेही नको असेल तर होस्ट ब्लॉकची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा. राखीव पत्ते दोन्हीकडे सारखेच असल्याने कुणीही उत्तर दिलं तरी फरक पडत नाही. फेलओव्हरची (एक बंद पडला की दुसऱ्याने काम घ्यायची) जुळवाजुळव लागते ती वाटपाच्या रेंजसाठी.

हाताने आयपी टाकायची जागाही आहेच: राउटर, डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) आणि खुद्द डीएचसीपी सर्व्हर. हे पत्ते .१ ते .९ मध्ये ठेवा आणि त्याच कॉन्फिग फाइलमध्ये कॉमेंट म्हणून लिहा. बाकी मशीनवर हाताने टाकाल, तर डीएनएसचा पत्ता बदलला त्या दिवशी प्रत्येक टेबलाशी जावं लागेल.

बदल करताना क्रम सांभाळा. जुनी लीज आठ दिवसांची असेल तर मशीन चौथ्या दिवशी विचारायला येतं, म्हणून रेंज बदलायच्या किमान चार दिवस आधी लीज एका तासावर आणा. ‘ऑथॉरिटेटिव्ह’ ही ओळ फाइलमध्ये आहे ना ते बघा. ती नसेल तर चुकीचा पत्ता मागणाऱ्याला सर्व्हर नकार देत नाही, आणि ते मशीन लीज संपेपर्यंत जुनाच पत्ता धरून ठेवतं. फाइल बदलल्यावर आधी डीएचसीपीडी ‘-टी’ लावून तपासून घ्या आणि मगच सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण एक अर्धविराम राहिला तरी सर्व्हर उठत नाही आणि रीस्टार्टशिवाय तो नवी फाइल वाचतही नाही. .१०० च्या खालचे जुने पाहुणे तासाभरात वर सरकले की हिशेबाचं मशीन आणि लॅपटॉप यांवर रिलीज-रिन्यू (जुना पत्ता सोडून नवा मागणं) करा, .६० आणि .७२ लागले का बघा, आणि लीज पुन्हा आठ दिवसांवर न्या.