धडधड, खाकी पिशवी आणि आमची आत्या

परवा रात्री आत्या ओट्याखाली बसलेली सापडली. दूध उतू गेलेलं, तोंडाला वाण्याकडची साखरेची खाकी पिशवी, हनुवटीला साखरेचे कण. काय झालं विचारलं, तर हातानंच ‘थांब’ म्हणाली. दहा मिनिटं पुरी व्हायची होती ना!

दहा मिनिटं ठरवली एका मेसेजनं. ‘धडधड, घाम, हाताला मुंग्या म्हणजे फक्त टेन्शन. कागदी पिशवीत श्वास घ्या, डॉक्टरांचा खर्च वाचवा.’ खाली पाच मुद्दे आणि हात जोडलेले.

आधी पिशवी. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. सोडलेलाच श्वास परत घेतला की तो वाढतो. इथवर ठीक. पण त्याच पिशवीत ऑक्सिजन कमी होत जातो, त्याचं काय? 1989 साली कॅलहॅम या डॉक्टरांनी ‘अॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये तीन रुग्णांची हकीकत मांडली. त्रास होता हृदयाचा किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचा, पण तो घाबरण्याचा समजून पिशवी लावली गेली. तिघंही दगावले. असं होऊ शकतं, तर ओट्याखाली एकट्या बसलेल्या बाईचं काय?

म्हणे, ‘छातीत टोचलं तर टेन्शन, डावा हात दुखला तरच हार्ट.’ हे घरबसल्या ओळखता येत नाही. बायकांमध्ये तर हृदयविकार कधी नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं एवढ्यावरच येतो. असं पहिल्यांदाच होत असेल तर 108 लावा. नुसता पॅनिक अटॅक, म्हणजे घाबरण्याचा झटका निघाला तर बरंच झालं, त्यात लाजायचं काय?

‘चिंता मनात असते, शरीरात नाही.’ हे मराठी माणसानं लिहावं? आपण चिंता म्हणतच नाही. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, जीव घाबराघुबरा होतो म्हणतो. आत्या कित्येक आठवडे मानेला बाम चोळत होती, रात्री तीनदा उठून सिलिंडरचा कॉक बघत होती, भाजीत मीठ घातलं की नाही हे विसरत होती, त्यावरून चिडत होती. आखडलेले स्नायू, उडालेली झोप, न लागणारं लक्ष, चिडचिड: चिंताविकार ओळखताना डॉक्टर हेच विचारतात. आम्ही म्हणायचो, वय झालं. उलटही असतं. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते.

‘गोळ्यांची सवय लागते.’ बरं, यात अर्धं खरं आहे. लगेच शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची लागते, आणि लोक त्या शेजाऱ्यांकडून मागूनही घेतात. पण चिंतेवर सगळ्या गोळ्या तसल्या नसतात आणि समुपदेशनाला तर गोळीच लागत नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हा मदतीचा नंबर 14416 फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पाचवा मुद्दा, ‘रिकामटेकड्यांचा आजार’. आत्या पहाटे पाचला उठते. पुढे.

आत्याचा ईसीजी नीट निघाला, हिमोग्लोबिन मात्र साडेआठ, म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, झोप कधीपासून नाही? तिनं बोटांवर मोजलं. ‘गणपतीपासून.’

मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला होता. तिनं तो पुढे तिघींना पाठवला होता. आत्ता त्यातल्या दुसरीला फोन चाललाय.